बोळाचे छायाचित्र आणि दुसऱ्याचे डोळे

भर दुपारी एखाद्या अरुंद बोळात उभे राहा. वर आकाशाची लखलखीत पट्टी, एका भिंतीवर कडक ऊन आणि खाली जोत्याशी गर्द सावली. तरीही आकाशाचा निळा रंग, दाराची कडी, पायरीवरची मांजर, सारे तुम्हांला नीट दिसते. आता त्याच बोळाचे छायाचित्र काढा. बहुधा आकाश पांढरेफटक दिसेल, नाहीतर मांजर काळोखात गडप! असे का होते?

आपला डोळा सारा बोळ एका दमात पाहत नाही. नजर आकाशाकडे गेली की बाहुली आकुंचन पावते, सावलीकडे वळली की मोठी होते. तरुण डोळ्यात तिचा व्यास सुमारे २ ते ८ मिलिमीटर असा बदलू शकतो. व्यास चौपट, म्हणजे आत शिरणारा प्रकाश सोळापट. शिवाय दृष्टिपटलही आपली संवेदनक्षमता बदलते. एका झटक्यात घेतलेल्या चित्रात मात्र ऊन आणि सावली या दोघांनाही सारखाच वेळ मिळतो.

ही अडचण जुनीच आहे. १८५०च्या दशकात फ्रान्सच्या गुस्ताव ल ग्रे यांनी आकाशाची एक आणि समुद्राची दुसरी अशा दोन काचा जोडून एक चित्र छापले. आजचे अनेक मोबाइल कमीअधिक प्रकाशाची चित्रे पाठोपाठ घेऊन ती एकत्र करतात, ती युक्तीही याच जातीची.

छायाचित्र संगणकावर घेतले की ते अंकांचे कोष्टक असते. नेहमीच्या चित्रात प्रत्येक बिंदूच्या लाल, हिरव्या व निळ्या घटकाला ० ते २५५ यांपैकी एकेक अंक मिळतो. संस्करण म्हणजे हे अंक बदलणे. सावलीतले २० व ३० हे अंक ५० व ७५ केले, तर त्यांतला फरक वाढतो आणि कडी दिसू लागते. पण आकाशाचे सगळे बिंदू २५५ झाले असतील, तर तिथे फरकच उरलेला नसतो. हरवलेला ढग कोणतेही गणित परत आणू शकत नाही. म्हणून आकाश हवे असेल तर चित्र थोडे काळसर घ्यावे. मात्र सावली फार उजळली तर तिच्यात दाणे दिसू लागतात.

मग किती उजळावे? इथे आपलाच डोळा आपल्याला फसवतो. एक प्रयोग करा. करड्या कागदाचे दोन सारखे तुकडे कापा. एक काळ्या कागदावर ठेवा, दुसरा पांढऱ्यावर. काळ्यावरचा तुकडा अधिक उजळ भासेल! शिवाय तेच चित्र अर्धा तास पाहत बसले की नजर त्याला सरावते आणि भडकपणाही साधा वाटू लागतो.

यावर उपाय म्हणजे दुसऱ्याचे डोळे. चित्र एक दिवस बाजूला ठेवा. मग तो बोळ न पाहिलेल्या तिघाचौघांना, एकेकट्याला, दाखवा. "छान आहे का?" असे विचारू नका, कोणीही "छान" म्हणेल. विचारा : नजर प्रथम कुठे गेली? दिवसाची कोणती वेळ वाटते? काय ओळखू आले नाही? भर दुपारचे चित्र सर्वांना संध्याकाळचे वाटले, तर वाद न घालता पुन्हा अंकांकडे वळा.

एक पथ्य मात्र पाळा. थॉमस अ‍ॅनन यांनी १८६८ ते १८७१ या काळात स्कॉटलंडमधील ग्लासगो शहराच्या दाटीवाटीच्या बोळांची छायाचित्रे घेतली. शहरसुधारणेसाठी ती वस्ती पाडली जाणार होती. उद्भासनाला वेळ लागे, त्यामुळे हललेली माणसे धुरकट उमटली. पुढे ते बोळ नाहीसे झाले. त्यांच्या भिंती, पायऱ्या, वाळत घातलेले कपडे आज आपण पाहू शकतो ते या चित्रांमुळेच.

तेव्हा सावली उजळा, पण नकोशी तार किंवा उघडे गटार पुसू नका. पुसलेच, तर तसे चित्राखाली लिहा. उद्या तो बोळ नसेल, तेव्हा साक्ष तुमच्या चित्राचीच काढली जाईल.