बोर्ड कोणता टाकू?

मुंबईत ग्रँट रोड स्टेशनजवळच्या लॅमिंग्टन रोडवर घरचा कॉम्प्युटर जुळवून घ्यायला येणारं गिऱ्हाईक तयारीनिशी येतं. प्रोसेसरचं नाव तोंडपाठ असतं, ग्राफिक कार्ड ठरलेलं असतं, रॅम किती आणि एसएसडी केवढी हेही लिहून आणलेलं असतं. हल्ली तर कॅबिनेटची काच कुठल्या बाजूला हवी इथपर्यंत घरी चर्चा झालेली असते. दुकानदार कोटेशन लिहितालिहिता विचारतो, "बोर्ड कोणता टाकू?" उत्तर येतं, "चांगला टाका कुठलातरी." मग दुकानात जो पडून असतो तोच चांगला ठरतो.

ही बेफिकिरी समजण्यासारखी आहे. हिशेब प्रोसेसर करतो, चित्र ग्राफिक कार्ड उमटवतं, फायली एसएसडी सांभाळते. मदरबोर्डाच्या नावावर जमा असं काही दिसत नाही. आणि खरंच, मधल्या दर्जाचा एखादा प्रोसेसर आठ हजारांच्या बोर्डावर लावा किंवा चाळीस हजारांच्या, गेममध्ये फरक नावापुरता पडतो. बोर्डाचा अंमल चालतो तो दुसरीकडे. पुढच्या पाच-सात वर्षांत या यंत्रात काय बसेल आणि काय बसणार नाही, हे तो आज ठरवून टाकतो. रॅम, डिस्क, ग्राफिक कार्ड एकेक करून बदलता येतात; बोर्ड बदलायचा तर सगळा संसार उकलावा लागतो. म्हणून माझं सरळ मत आहे: बोर्डावर वेगासाठी पैसे घालू नयेत, जागेसाठी आणि आयुष्यासाठी घालावेत.

आधी या जागेचा थोडा इतिहास. १२ ऑगस्ट १९८१ ला आयबीएमचा पहिला पीसी आला, तेव्हा त्याच्या बोर्डावर कीबोर्ड आणि कॅसेट रेकॉर्डर यांचेच काय ते जोड होते. पडदा, फ्लॉपी, प्रिंटर, सगळ्यासाठी वेगळी कार्डं. पाच स्लॉट होते आणि ते लगेच भरायचे. १९८४ च्या एटी मॉडेलनंतर जगभर त्याच मापाच्या नकला निघाल्या. त्या काळात बोर्ड जोडलेल्या माणसाला एक मंत्र अजून आठवत असेल: काळ्याला काळी. एसएमपीएसमधून, म्हणजे वीजपुरवठ्याच्या डब्यातून, सारखे दिसणारे दोन प्लग यायचे, त्यांच्या काळ्या वायरी मधोमध शेजारी आल्या पाहिजेत. उलट लागले की बोर्ड गेला. १९९५ मध्ये इंटेलने एटीएक्स हे माप आणलं आणि हा जीवघेणा प्रकार संपला. एकच प्लग, तोही एकाच बाजूने बसणारा. स्क्रूची भोकं आणि मागच्या जोडांची चौकटही तेव्हाच ठरून गेली.

ते माप अजून चालू आहे, ३०५ बाय २४४ मिलिमीटर. त्याचा धाकटा भाऊ मायक्रो एटीएक्स २४४ चा चौरस, आणि २००१ मध्ये व्हिया कंपनीने आणलेला मिनी आयटीएक्स १७० चा. घरासाठी मायक्रो एटीएक्स पुरतो. मोठ्या बोर्डावरचे जास्तीचे स्लॉट बहुतेक घरांत जन्मभर रिकामे राहतात, आणि छोट्या मिनी आयटीएक्सला लहानपणाचे वेगळे पैसे पडतात.

खरी मेख सॉकेटमध्ये आहे. सॉकेट म्हणजे प्रोसेसरचं बसायचं ठिकाण, आणि ते किती वर्षं चालेल हे कंपनीच्या मर्जीवर. इंटेलचा एलजीए १७०० सॉकेट २०२१ च्या अखेरीस आला, त्यावर बारावी, तेरावी आणि चौदावी पिढी बसली, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये नवा १८५१ आला की जुना रस्ता बंद. त्याआधीचा किस्सा तर संतापजनक होता. २०१५ च्या बोर्डावर ११५१ पिना, २०१७ च्या आठव्या पिढीच्या बोर्डावरही ११५१ च पिना, पण नवा प्रोसेसर जुन्या बोर्डावर चालणार नाही! पिना मोजून खरेदी करणाऱ्याची फसगत ठरलेलीच.

एएमडीचा एएम४ सॉकेट याच्या अगदी उलट वागला, पण तोही सुखासुखी नाही. मार्च २०१७ मध्ये पहिले रायझन आले, तेव्हा बी-३५० चिपसेटचे (चिपसेट म्हणजे बोर्डावरचे जोड सांभाळणारी चिप) बोर्ड घरोघरी गेले. पुढे प्रत्येक नव्या प्रोसेसरची ओळख बोर्डाच्या बायोसमध्ये, म्हणजे यंत्र सुरू करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, घालावी लागे, आणि अनेक बोर्डांवर बायोसची चिप होती अवघी १६ एमबीची. जागा संपली. एमएसआयने काही बोर्डांसाठी बायोसचा रंगीत पडदा काढून साधा ठेवला आणि काही जुन्या प्रोसेसरांची नावंही गाळली, तेव्हा कुठे नवी नावं मावली. मे २०२० मध्ये एएमडीने जाहीर केलं की येणारे नवे प्रोसेसर ४०० मालिकेच्या बोर्डांवर चालणार नाहीत. ज्यांनी सहा-आठ महिन्यांपूर्वी बी-४५० घेतला होता ते खवळले, एवढा गदारोळ झाला की त्याच महिन्यात कंपनीला शब्द मागे घ्यावा लागला. २०२२ मध्ये तर ३०० मालिकेलाही परवानगी मिळाली. म्हणजे २०१७ च्या बी-३५० बोर्डावर एप्रिल २०२२ चा रायझन ७ ५८००एक्स३डी बसू शकला. पाच वर्षांनी बोर्ड, रॅम, कॅबिनेट तसंच ठेवून फक्त प्रोसेसर बदलायचा आणि यंत्र पुन्हा तरुण! बोर्डावरचा खर्च वसूल होतो तो असा.

सध्याचा एएम५ सॉकेट सप्टेंबर २०२२ चा, आणि एएमडीने त्याला २०२७ आणि त्यापुढेही पाठिंबा देण्याचं म्हटलं आहे. आज नव्याने जुळवणाऱ्याने मधल्या दर्जाचा प्रोसेसर घेऊन पुढे बदलायचा विचार केला असेल, तर मी याच बाजूला झुकतो. ज्याला एकदा जुळवून सात वर्षं हात लावायचा नाही, त्याने सॉकेटच्या भविष्याची चिंता करू नये. बजेटात इंटेल स्वस्त पडत असेल तर खुशाल घ्यावा.

चिपसेटची नावं हा मात्र शुद्ध गोंधळ आहे. वाटतं, आकडा मोठा तो बोर्ड वरचा. तसं नाही. बी-८४० हा बी-६५० पेक्षा नवा, पण कुवतीने खालचा. त्यावर प्रोसेसरचं ओव्हरक्लॉकिंगही, म्हणजे ठरल्यापेक्षा जास्त वेगाने चालवणं, होत नाही. इंटेलच्या एच-६१० वर रॅमचे स्लॉट दोनच. ऑफिसच्या हिशेबासाठी आणि मुलांच्या अभ्यासासाठी तो ठीक. दोन्ही भरून घेतले की पुढे वाढवायचं तर आधीची रॅम विकावी लागते. बी-७६० मध्ये दम आहे. झेड-७९० चे पैसे ओव्हरक्लॉक करणाऱ्यानेच द्यावेत, आणि घरात असं कोणी नसतं. शिवाय बी-७६० घेताना खोक्यावर डीडीआर४ लिहिलंय की डीडीआर५ हे वाचा. दोन्ही रॅमना पिना २८८ च, पण मधली खाच वेगळ्या जागी असते. एकीच्या स्लॉटमध्ये दुसरी बसत नाही.

आता बोर्ड हातात घ्या आणि सॉकेटच्या डावीकडे, वरच्या कोपऱ्याकडे बघा. करड्या, चौकोनी गोळ्यांची रांग दिसेल. ते चोक. त्यांच्या पलीकडे हीटसिंकखाली मॉस्फेट लपलेले, अलीकडे कपॅसिटर. या सगळ्या जथ्याला व्हीआरएम म्हणतात. एसएमपीएस १२ व्होल्ट पाठवतो, प्रोसेसरला हवा असतो साधारण सव्वा व्होल्ट. आता गणित करा: प्रोसेसर १२५ वॉट खात असेल तर सव्वा व्होल्टला १०० अँपिअर होतात. घरातल्या एसीच्या एमसीबीवर १६ किंवा २० चा आकडा असतो. इथे त्याच्या पाच-सहापट प्रवाह दोन-तीन इंचांतून जातो. कोअर आय९-१४९००के पूर्ण जोरात २५३ वॉटपर्यंत मागतो. स्वस्त बोर्डावर चोक मोजके आणि मॉस्फेट उघडे असतात. ते तापले की बोर्ड मुकाट्याने प्रोसेसरचा वेग उतरवतो, आणि आपल्याला वाटतं सॉफ्टवेअर जड आहे. आय५-१२४०० किंवा रायझन ५ ७६०० सारख्या माफक प्रोसेसरला साधा व्हीआरएम चालतो. आय७, आय९ घ्यायचा असेल तर हीटसिंक नसलेला बोर्ड हातातही धरू नये. खोक्यावरच्या '१६+२+१' अशा आकड्यांना फार भुलू नका, जोड्या मोजून आकडा फुगवता येतो. हीटसिंक वजनदार आहे का, एवढं पाहिलं तरी बरंच कळतं.

कपॅसिटरचाही एक वाईट काळ होऊन गेला. २००० नंतरच्या काही वर्षांत निकृष्ट रसायन भरलेले कपॅसिटर जगभरच्या बोर्डांवर लागले. वर्ष-दोन वर्षांत त्यांची सपाट टोपी फुगायची, तिच्यावरची खाच उकलून तपकिरी चिकट द्रव बाहेर यायचा. दुरुस्तीवाले नुसती टोपी बघून निदान करत. आता बोर्डांवर घन पॉलिमरचे कपॅसिटर असतात आणि ती साथ संपली, पण सेकंडहँड बोर्ड घेताना मी आजही आधी टोप्या बघतो.

यानंतर बोर्ड उलटा धरून मागचे जोड मोजा. हे काम कोणी करत नाही. कीबोर्ड, माऊस, प्रिंटर, वेबकॅम, पेनड्राइव्ह, मोबाइलची वायर: सहा यूएसबी तिथेच संपले. स्वस्त बोर्डावर सहाच असतात. वायफाय नसलेला बोर्ड हजार-दोन हजारांनी स्वस्त मिळतो. राउटर दुसऱ्या खोलीत असेल तर ती बचत डोंगलमध्ये जाते. एसएसडीसाठी एम.२ चे दोन स्लॉट असावेत, २२८० मापाचे, म्हणजे २२ मिलिमीटर रुंद आणि ८० लांब. कंपनीच्या साइटवरून मॅन्युअल उतरवून त्यातली बारीक टीपही वाचा: काही बोर्डांवर दुसऱ्या एम.२ मध्ये एसएसडी लावली की साटाचा एखादा पोर्ट गप्प बसतो. बिघाड नव्हे, मांडणीच तशी. तसंच रॅमचं. एएम५ वर रायझन ७००० ला दोन पट्ट्या अधिकृतपणे ५२०० च्या वेगाने चालतात, चार लावल्या की तोच अधिकृत वेग ३६०० वर येतो. तेव्हा चार स्लॉट दिसले म्हणून चारही भरू नयेत. दोनच घ्याव्यात, मोठ्या.

बायोसकडे पूर्वी कोणी ढुंकून बघत नसे. २०२३ मध्ये रायझन ७०००एक्स३डी चे काही प्रोसेसर सॉकेटातच जळाले, तेव्हा उपाय आला तो बायोसमधून: प्रोसेसरमधल्या एसओसी भागाचा व्होल्टेज १.३ व्होल्टवर रोखला गेला. २०२४ मध्ये इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीचे वरचे प्रोसेसर अडखळू लागले, त्यावरचा मायक्रोकोडही, म्हणजे प्रोसेसरच्या आतला दुरुस्त कोड, बायोसमधूनच पोचला. म्हणून बोर्ड घेताना त्या मॉडेलला कंपनी शेवटचा बायोस कधी देऊन गेली, ती तारीख साइटवर बघावी. मागच्या बाजूला बायोस फ्लॅशबॅकचं बटण असेल तर उत्तम; प्रोसेसर न ओळखणारा बोर्डही पेनड्राइव्हवरून नवा बायोस घेतो. आणि एक दिलासा: डीडीआर५ चा बोर्ड पहिल्यांदा चालू केल्यावर रॅमची ओळखपाळख करून घ्यायला काही मिनिटं लावतो. पंखे फिरतात, डिस्प्ले येत नाही. घाबरून बटण दाबत बसू नये.

आपल्याकडची हवा आणि वीज यांचाही यात हात असतो. कोकणात खाऱ्या दमट हवेत जोडांवर हिरवट थर धरतो, आणि उबेला आलेली पाल बोर्डावर शॉर्ट होऊन मरते, म्हणून कॅबिनेटच्या मागच्या रिकाम्या पट्ट्या बंद ठेवाव्यात. घराला अर्थिंग नसेल तर एसएमपीएसच्या फिल्टरमधून कॅबिनेटवर जवळजवळ निम्मा दाब येऊन बसतो. हात लावला की झिणझिण्या येतात त्या यामुळेच. तिथे आधी वायरमन बोलवावा, मग बोर्ड घ्यावा.

बाजारात एच-६१, एच-८१ चे 'नवे' बोर्ड अजून स्वस्तात मिळतात, दहा वर्षांहून जुन्या प्रोसेसरांसाठी. विंडोज ११ ला टीपीएम २.० आणि आठव्या पिढीपासूनचा इंटेल प्रोसेसर लागतो, आणि विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. जुना संच जगवायला एखादवेळ ठीक. नवा कॉम्प्युटर म्हणून कोणी गळ्यात मारत असेल तर नको म्हणा.

शेवटी घ्यायचं काय? घरच्या साध्या कामाला दोन-चार हजार वाचवून एच-६१०. बाकी जवळजवळ सगळ्यांना बी मालिकेचा मायक्रो एटीएक्स, व्हीआरएमवर हीटसिंक, दोन एम.२, वायफाय, मागे आठ यूएसबी. आसूस, गिगाबाइट, एमएसआय, एएसरॉक या चारही तैवानच्या कंपन्या. त्यांच्यात भांडण लावण्यापेक्षा आपल्या जिल्ह्यात सर्व्हिस सेंटर कोणाचं आहे ते विचारावं. पक्कं बिल घ्या, त्यावर बोर्डाचा सिरियल नंबर लिहून घ्या. सॉकेटवरचं काळं प्लास्टिकचं झाकण फेकू नका: एलजीए सॉकेटच्या पिना बोर्डावर असतात, झाकणाशिवाय पाठवलेल्या बोर्डाची एक जरी वाकली तरी सर्व्हिसवाले 'सीआयडी' असा शेरा मारतात, म्हणजे नुकसान गिऱ्हाइकाने केलं, आणि तीन वर्षांची वॉरंटी तिथेच संपते.