पंख्याखालचा हिशेब

दिवा-रोहा गाडी नागोठणे सोडते, मग निडी, मग रोहा. सातबारा, दाखला, खरेदीखत अशा कामांना निडीचा माणूस रोह्याला तालुक्याच्या कचेरीत येतो. बाकड्यावर नंबरची वाट बघत बसला की घाम पुसता पुसता त्याची नजर वर जाते, पंख्याकडे. सरकारी इमारतीतल्या विजेचा विचार मला तिथूनच सुरू करावासा वाटतो. कोकणातल्या कचेरीत सकाळपासून संध्याकाळपर्यंत अखंड चालणारे यंत्र तेच.

जुना पंखा साधारण 75 वॅट वीज घेतो. त्याच्या मोटरीतल्या फिरत्या भागाला स्वतःचे चुंबकत्व नसते. स्थिर वेटोळ्यांतली वीज आधी त्या भागात प्रवाह उत्पन्न करते, त्यातून चुंबकत्व येते आणि मग पाती फिरतात. या खटाटोपात बरीच वीज नुसती उष्णता होऊन जाते. दिवसभर चाललेल्या पंख्याची मोटर हाताला गरम लागते ती त्यामुळेच. भिंतीवर जुन्या पद्धतीचा मोठा रेग्युलेटर असेल तर पंखा हळू करूनही पुरती बचत होत नाही, त्याच्या आतली तार तापत राहते. नव्या बीएलडीसी पंख्यात मात्र फिरत्या भागात कायमचे चुंबकच बसवलेले असतात. तेवढाच वारा तो 30 वॅटच्या आसपास देतो.

वाचले 45 वॅट. दिवसाचे आठ तास आणि वर्षाचे 250 कामाचे दिवस धरले, तर एका पंख्यामागे 90 युनिट. देशाच्या ग्रिडमधल्या एका युनिटमागे सरासरी 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, म्हणजे पंख्यामागे साठेक किलो. चाळीस पंख्यांच्या इमारतीत वर्षाला अडीच टन. चोकवाल्या ट्यूबलाइटच्या जागी एलईडी लावली, की त्यात आणखी भर.

घरी पंखा चालू राहिला तर आजी ओरडते, कारण बिल घरातूनच जाते. कचेरीत बटण दाबणारा वेगळा, बिल भरणारा वेगळा. त्यामुळे ‘जाताना पंखे बंद करा’ या पाटीपेक्षा यंत्र बदलण्यावर माझा अधिक भरवसा आहे. अडते ते पहिल्या खर्चावर. त्यावर एक तोड आहे. केंद्राच्या ऊर्जा मंत्रालयाच्या अखत्यारीतल्या कंपन्यांनी मिळून 2009 मध्ये ‘एनर्जी एफिशियन्सी सर्व्हिसेस’ ही कंपनी काढली. ती दिवे-पंखे आधी स्वतःच्या पैशाने बसवते आणि इमारतीचा मालक ते हप्त्याहप्त्याने फेडतो. राज्याच्या सार्वजनिक बांधकाम विभागानेही आपल्या इमारतींसाठी तिच्याशी करार केला. तालुक्याच्या लहान कचेऱ्यांना हीच वाट सोयीची आहे.

एसीचे गणित कोकणात निराळे. कचेरीच्या मागच्या भिंतीवरून नळीतून टपटपणारे पाणी बघा. ती हवेतली वाफ आहे. वाफेचे एक लिटर पाणी करायचे तर सुमारे 2400 किलोज्यूल उष्णता काढून घ्यावी लागते, आणि तेवढ्याने खोली एक अंशही गार होत नाही. दमट गावात एसीची बरीच ताकद अशी पाणी गाळण्यात जाते. दार सारखे उघडत राहिले की बाहेरची वाफ आत येते आणि तेच काम पुन्हा सुरू. म्हणून आधी दार आपोआप मिटेल असे करावे, स्लॅबला पांढरा रंग द्यावा, एसी 26 अंशांवर ठेवून सोबत पंखा लावावा. वारा अंगावरचा घाम सुकवतो, माणसाला तेवढे पुरते.

वाचलेले युनिट चंद्रपूर-कोराडीच्या कोळशाचे, हे आपण गृहीतच धरतो. रोह्याला आणखी जवळचे माप आहे. मुळशी धरणाचे पाणी सह्याद्रीवरून सुमारे 500 मीटर खाली भिऱ्याच्या वीजगृहात पडते, 1927 पासून. त्या धरणासाठी मावळातली गावे बुडाली, सेनापती बापटांनी सत्याग्रह केला. एवढ्या उंचीवरून एक युनिट मिळवायला आठ-नऊशे लिटर पाणी लागते. एका पंख्याची वर्षाची 90 युनिट म्हणजे दहा हजार लिटरचे सात-आठ टँकर. वीज देऊन झालेले ते पाणी कुंडलिकेतून कोलाडवरून येते आणि रोह्याच्या पुलाखालून पुढे खाडीला जाते.