बदलापुरात कुठली आलीय थंडी?

गच्चीवर सोलर बसवायचं ठरलं की बदलापूर गावातल्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये बोलणं होतं ते सबसिडीचं, उन्हाचं आणि पाण्याच्या टाकीच्या सावलीचं. थंडीचा विषय कोणी काढलाच तर 'लडाखला बसवतोय का?' म्हणून हशा पिकतो. गैरसमजांमधला हा सगळ्यांत महागडा.

पॅनल जितकं गार, तितकं त्याचं व्होल्टेज जास्त. डेटाशीटवर छापलेला आकडा सेलचं तापमान 25 अंश धरून काढलेला असतो. त्याखाली दर अंशामागे व्होल्टेज पाव टक्क्याहून किंचित जास्त चढतं. नेहमीचं 545 वॉटचं पॅनल घ्या. भार नसताना त्याचं व्होल्टेज साधारण 49.5. अशी 12 पॅनल एका स्ट्रिंगमध्ये ओवली की 594 व्होल्ट होतात. घरगुती सिंगल फेज इन्व्हर्टरची कमाल मर्यादा बहुधा 600 असते, म्हणजे कागदावर अगदी चपखल बसलं. 10 अंशांच्या सकाळी मात्र हीच स्ट्रिंग 618 पर्यंत जाऊ शकते. इन्व्हर्टर एरर दाखवून थांबला तर नशीब. आतले भाग गेले तर वॉरंटीचा दावा सहसा टिकत नाही. 'फ्यूज आहे की' असंही म्हणतात, पण फ्यूज जादा करंट तोडतो, जादा व्होल्टेज नाही.

'इन्व्हर्टर चालू झाला की व्होल्टेज उतरतं', हे खरं. पण तो चालू होण्याआधी, कोवळ्या उन्हात, स्ट्रिंग मोकळीच असते. आणि लाइट गेली की ऑन-ग्रिड इन्व्हर्टर नियमानुसार बंद होतो आणि स्ट्रिंग पुन्हा मोकळी. जानेवारीत सकाळी आठला लाइट जाणं बदलापूरकरांना समजावून सांगायला नको.

मग किमान तापमान किती धरायचं? बरेच जण सरळ मुंबईचा आकडा उचलतात. पण मुंबईचा कुठला? 22 जानेवारी 1962 रोजी सांताक्रूझला 7.4 अंशांची नोंद झाली, तर कुलाब्याला त्याच दिवशी 11.7. एकाच शहरात चार अंशांचा फरक, कारण कुलाब्याला समुद्र रात्रीही ऊब देतो. बदलापूर त्या समुद्रापासून बरंच आत, उल्हास नदीच्या खोऱ्यात. निरभ्र रात्री डोंगरउतारावरची गार, जड हवा खाली येऊन साचते. म्हणून तर दर हिवाळ्यात 'बदलापूर 10-11 अंशांवर' अशा बातम्या येतात आणि तेव्हा मुंबईकर अजून पंखा लावून झोपलेले असतात. शिवाय उघड्या आभाळाखाली पॅनलची काच हवेपेक्षाही थोडी जास्त गार होते.

दुसऱ्या टोकाचे लोकही भेटतात: 'सेफ्टी म्हणून उणे 10 धरू.' हा हिशोब उगीच आखडता आहे. बाहेरच्या देशांत डिझायनर बहुधा दरवर्षीच्या सर्वांत थंड तापमानाची सरासरी धरतात, शतकातला नीचांक नाही. त्यालाही कारण आहे. नीचांक सूर्योदयाच्या आसपास असतो, तेव्हा ऊन क्षीण असतं आणि व्होल्टेज पूर्ण चढत नाही. ऊन कडक होईपर्यंत सेल हवेपेक्षा 20-25 अंशांनी तापलेले असतात. माझ्या मते बदलापूरला 5 अंश धरावेत. बातम्यांतल्या आकड्यांखाली पुरेशी जागा उरते.

सोसायटीच्या थ्री फेज इन्व्हर्टरची मर्यादा 1100 व्होल्ट असेल तर त्याच पॅनलची 21 ची स्ट्रिंग 5 अंशांना 1095 च्या आसपास जाते. म्हणजे बसते, पण काठावर. हीच स्ट्रिंग निफाडला नेली तर? तिथे पारा 2 अंशांच्या जवळपास गेल्याच्या नोंदी आहेत आणि तेवढ्या थंडीत ती 1104 होते. तिथे 20 च लावावी लागतील. उणे 10 धरणाऱ्याला बदलापुरातही 20 वरच थांबावं लागेल.

राहिला 'ऊन जितकं तापेल तितकी वीज जास्त' हा जुना समज. उजेडाने वीज वाढते, उष्णतेने घटते. मे महिन्यात गच्चीवर सेल 65 अंशांवर गेले की चालू स्थितीतलं व्होल्टेज सुमारे 14 टक्के उतरतं. चार-पाच पॅनलच्या आखूड स्ट्रिंगचं व्होल्टेज मग काही इन्व्हर्टरच्या किमान मर्यादेखाली घसरतं. म्हणून इन्स्टॉलरकडे कोटेशनसोबत दोन आकडे लेखी मागा: 5 अंशांना स्ट्रिंगचं कमाल व्होल्टेज आणि 65 अंशांना किमान. दोन्हींशेजारी इन्व्हर्टरच्या मर्यादाही लिहून घ्या.