विज्ञानाच्या गटात मुलीचं नाव आलंय? मग हे वाचा

तायांनो, शाळेतून निरोप येतो, "तुमच्या मुलीला विज्ञान प्रदर्शनाच्या गटात घेतलंय." की लगेच घरात तीन प्रश्न निघतात. खर्च किती? घरचं काम कोण करणार? तालुक्याला पाठवायचं कुणाबरोबर? प्रश्न रास्त आहेत. पण उत्तरं कुणी नीट सांगत नाही, आणि मुलीचं नाव घरूनच कापलं जातं.

तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात सहावी ते आठवीचा गट वेगळा असतो. तिथे निवड झाली तर जिल्हा, मग राज्य. दुसरी संधी म्हणजे राष्ट्रीय बाल विज्ञान परिषद. ती 1993 पासून भरते. 10 ते 17 वर्षांची मुलं गट करून आपल्याच भागातल्या एखाद्या प्रश्नाचा अभ्यास करतात आणि तो मांडतात. शाळा सुटलेल्या मुलीलाही यात भाग घेता येतो, हे फार जणींना माहीत नसतं.

आता खर्चाचं. बाजारात तयार मॉडेल मिळतं, आणि ते घ्यायला गटातून अंतर्गत कर्ज मागितलेलं मी पाहिलंय. माझं स्पष्ट मत आहे, यासाठी कर्ज काढू नका. परीक्षक मॉडेलपेक्षा मुलीला जास्त विचारतात. हे असंच का केलंस? दुसरं काही करून पाहिलंस का? विकतच्या मॉडेलपुढे उभी असलेली मुलगी पाठ केलेलं संपलं की गप्प होते.

त्यापेक्षा विषय घरातला घ्या. "बोअरच्या पाण्यात डाळ शिजत नाही" हे आपण रोज बोलतो. हाच प्रयोग होतो की! बोअर, विहीर आणि साठवलेलं पावसाचं पाणी घ्यायचं. डाळ एकाच डब्यातली, प्रत्येक वेळी 100 ग्रॅम. भांडं तेच, पाणी मोजून तेवढंच. जाळ सारखा राहावा म्हणून गॅसवर, आणि मोठं कुणी तरी जवळ हवंच. बदलायचं फक्त पाणी. दाणा बोटाने दाबला की मोडतो, तोवर किती मिनिटं लागली ते लिहायचं. एकदा करून भागत नाही, प्रत्येक पाण्याचं तीनदा करायचं. मग त्याच पाण्यांच्या बाटल्यांत साबणाचे सारखेच थेंब टाकून हलवायचं. जड पाण्याला फेस कमी येतो, म्हणून शाळेच्या पुस्तकात त्याला दुष्फेन पाणी म्हणतात. त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार जास्त असतात, त्यामुळे डाळीचा दाणा लवकर मऊ पडत नाही. गॅस किती जास्त जळतो, हा हिशोब तर तुम्हीच तिला सांगाल.

नोंदवही मात्र रोजची हवी, तारखेसह. गटाचं इतिवृत्त आपण बैठकीतच लिहितो ना, महिन्याने आठवून नाही? तसंच. आकडा मनासारखा आला नाही तरी खोडायचा नाही.

आणखी एक गोष्ट. बऱ्याच ठिकाणी मुलींना तक्ते रंगवायला बसवतात आणि माईक मुलाच्या हातात देतात. बाईंना किंवा सरांना भेटून विचारा, माझी मुलगी यात काय करणार, बोलणार का? विचारायला लाजू नका.

जाण्याची तारीख, वाहन, सोबत शिक्षिका कोण आणि परत किती वाजता, हे कागदावर लिहून घ्या. एकाच गावच्या दोन मुली असतील तर एका आईने सोबत जावं, दुसरीने त्या दिवशी दोन्ही घरची गुरं बघावीत. एरवी लागतो तो शाळा सुटल्यावरचा तासभर. तेवढा वेळ भांडी भावाने घासली तरी चालतात!

इन्स्पायर-मानक ही केंद्राची योजना वेगळी आहे. तिथे गट नसतो, एकट्या विद्यार्थ्याची कल्पना शाळा ऑनलाइन पाठवते. निवड झाली तर मॉडेल करायला 10,000 रुपये थेट मुलाच्या किंवा मुलीच्या बँक खात्यात येतात. तेव्हा मुलीचं खातं चालू आहे का आणि आधारवरचं नाव शाळेतल्या नावाशी जुळतं का, एवढं या महिन्यातच बघून ठेवा.