ताट वाढणारी मावशी आणि तिची वही

मालाड स्टेशनवरून बसने मार्व्याला जावे, धक्क्यावर होडीत बसावे आणि खाडी ओलांडावी, की मनोरी गाव येते. बोरिवली तालुक्यातले हे गाव. कोळी, भंडारी आणि ईस्ट इंडियन ख्रिस्ती मंडळींची इथे जुनी वस्ती आहे. सुट्टीच्या दिवशी शहरातली माणसे इथे हवा खायला येतात. गावातल्या काही घरांत आधी सांगून ठेवले तर घरचे जेवण मिळते. नेहमी येणाऱ्याला फार सांगावेही लागत नाही. कोणाला तिखट सोसत नाही, कोण भाताऐवजी तांदळाची भाकरी घेतो, हे घरच्या बाईच्या ध्यानात असते.

पैसे देऊन जेवायचे, पण वाढणाऱ्याने आपल्याला ओळखायचे, ही रीत मोठ्या हॉटेलातली नव्हे. ती खानावळीची रीत आहे. मुंबईत ही रीत सर्वांत जास्त रुजली ती गिरणगावात. मनोरीहून परत खाडी ओलांडून लोकलने लोअर परळला उतरले की तो भाग लागतो. वाचकहो, आपल्यापैकी किती तरी घरांतले आजोबा, चुलते, मामा एके काळी तिथे जेवले आहेत.

रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर या भागांतून माणसे कापडगिरण्यांत कामाला जात. बायकामुले आणि शेती गावाकडे राही. मुंबईत एका खोलीत दहा-दहा, पंधरा-पंधरा जण भागीने राहत. एक पाळी कामावर गेली की दुसरी तिथेच झोपे. अशा खोलीत चूल कुठे मांडणार? मग शेजारच्या चाळीतली एखादी बाई, बहुधा गिरणीकामगाराचीच बायको किंवा विधवा, आपल्या दहा बाय बाराच्या खोलीत या माणसांना जेवू घाली. तिला कोणी मावशी म्हणे, कोणी वहिनी.

गिरण्या तीन पाळ्यांत चालत, म्हणून तिची चूलही तीन पाळ्यांत चाले. पहाटे उठून पहिल्या पाळीची भाजी-भाकरी आणि रात्रपाळीचा माणूस येईपर्यंत झाकून ठेवलेले ताट, असा तिचा दिवस. कोकणातल्याला भात आणि माशाचे कालवण हवे, घाटावरच्याला भाकरी आणि झणझणीत आमटी. कोणाचा उपास कोणत्या वारी, कोण आजारी आहे, कोणाला गावाहून पत्र आले नाही, हे तिला माहीत असे. पैसे पगाराच्या दिवशी, महिन्याचे एकदम. माणूस गावी गेला की खाडे धरायचे आणि तेवढे पैसे वजा करायचे. बहुतेकींना लिहिता-वाचता येत नव्हते, पण तोंडी हिशेब पक्का असे.

या मायेची दुसरी बाजूही समजून घेतली पाहिजे. जेवणारा महिन्याने पैसे देई, पण ज्वारी, तांदूळ, तेल, रॉकेल रोज लागे. मधले दिवस कसे काढायचे? वाण्याकडे उधारी करायची. उधारीचा माल महाग आणि हलका. वाणी अडला की सावकार, आणि सावकाराकडे अंगावरचा दागिना. संपाच्या काळात गिरण्या बंद पडत, पगार थांबे. तरी ओळखीच्या माणसाला ताटावरून उठवायचे कसे? बायकांनी उधारीवर जेवू घातले. कामगारांच्या लढ्याच्या गोष्टी पुष्कळ सांगितल्या जातात, पण तो लढा या चुलींवरही उभा होता, हे थोडेच जण सांगतात.

ते सांगितले, आणि नुसते सांगून न थांबता त्यावर उपाय केला, तो प्रेमाताई पुरव यांनी. गोव्याच्या मुक्तिलढ्यातून आलेल्या प्रेमाताई मुंबईत कामगार चळवळीत काम करत होत्या. १९६९ साली १४ मोठ्या बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले होते आणि लहान धंद्याला कर्ज द्यावे असे सरकारी धोरण होते. पण खानावळ चालवणाऱ्या बाईकडे ना दुकान, ना पाटी, ना तारण. तिच्या कामाला धंदा म्हणायलाच कोणी तयार नव्हते. प्रेमाताईंनी या बायकांना एकत्र केले. १९७५ साली बँक ऑफ बडोदाकडून १४ जणींना प्रत्येकी १,५०० रुपये कर्ज मिळाले. जामीन म्हणून एकमेकींची ओळख होती. त्याच साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभे राहिले.

१,५०० रुपयांनी काय झाले? महिन्याचा माल रोखीने आणि एकदम घेता आला. तो स्वस्त पडला, निवडून घेता आला. वाण्यापुढची मान वर झाली. पाहता पाहता मंडळाच्या सभासद हजारोंनी वाढल्या. पुढे वाशीला मंडळाची वास्तू झाली. २००२ साली प्रेमाताईंना पद्मश्री देण्यात आली.

मात्र १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा मोठा संप सुरू झाला. सुमारे २,५०,००० कामगार त्यात होते. संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. गिरण्या एकामागून एक बंद होत गेल्या. हजारो माणसे वळकटी बांधून गावी परतली. खानावळीतली पाने कमी झाली. ज्यांची वही उधारीने भरली होती, त्यांतल्या किती जणी पैशाला मुकल्या असतील! ज्यांनी मंडळात राहून कॅन्टीनची, डब्यांची कामे धरली, त्या तगल्या.

आज गिरण्यांच्या जागी उंच इमारती आहेत. पण खानावळ संपलेली नाही. तालुक्याच्या गावी कॉलेजजवळ, साखर कारखान्याजवळ, एस.टी. स्टँडामागे आपल्याच घरातल्या बाया पोळी-भाजी करून देत आहेत. भगिनींनो, गिरणगावच्या मावश्यांकडून तीन गोष्टी घेण्यासारख्या आहेत. पहिली, वही रोज लिहा; ओळख कितीही असली तरी खाडे आणि उधारी कागदावर हवी. दुसरी, घरखर्च आणि खानावळीचा पैसा एका डब्यात ठेवू नका आणि आपल्या मेहनतीची मजुरी खर्चात धरा. ती धरली नाही तर तोटाही नफा वाटतो. तिसरी, एकट्या राहू नका. बचत गटातून माल एकत्र घ्या आणि अन्नसुरक्षा कायद्याखालची नोंदणी करून घ्या, म्हणजे आपले काम धंदा म्हणून कागदावर येते.

आणि जेवणाऱ्यांनाही एक सांगणे. तुमचा मुलगा शिकायला बाहेरगावी असेल, तर महिन्याच्या खर्चात खानावळीचे पैसे पहिले बाजूला काढा. पान उचलताना आपण ‘अन्नदाता सुखी भव’ म्हणतो. खानावळीत ते म्हणायचे तर पैसे ठरल्या दिवशी मावशीच्या हातावर ठेवून म्हणावे.