सगळ्यांनाच बंद झालेला चौथरा

एप्रिल 2016 च्या पहिल्या आठवड्यात नेवासे तालुक्यातल्या शनिशिंगणापुरात काही दिवस अजब समता नांदली. शनिदेवाच्या चौथऱ्यावर बायकांना जाता येत नव्हतं आणि पुरुषांनाही नाही!

त्याआधी जानेवारीत, प्रजासत्ताकदिनी, तृप्ती देसाईंच्या भूमाता ब्रिगेड या संघटनेच्या शेकडो बायका, आम्हालाही प्रवेश द्या म्हणत, चौथऱ्याकडे निघाल्या. पोलिसांनी त्यांना वाटेतच, सुपे गावात अडवलं. हातात काठी ना दगड. त्या रस्त्यावरच बसल्या. त्याच्या सुमारे दीड दशक आधी डॉ. नरेंद्र दाभोलकर, डॉ. श्रीराम लागू आणि प्रा. एन. डी. पाटील याच मागणीसाठी निघाले होते, त्यांनाही तिथवर जाऊ दिलं गेलं नव्हतं.

मग कार्यकर्त्या विद्या बाळ आणि वकील नीलिमा वर्तक मुंबई उच्च न्यायालयात गेल्या. तिथे आधाराला आला तो 1956 चा मंदिरप्रवेशाचा कायदा. मला थक्क करतं ते इथेच. हिंदूंमधल्या कुठल्याही वर्गाला देवळाबाहेर ठेवू नये, म्हणून हा कायदा झाला. त्यामागे नाशिकच्या काळाराम मंदिरासारखे दलितांचे सत्याग्रह होते. साठ वर्षांनी त्याच कायद्याने बायकांची बाजू उचलून धरली. आणि 1956 हेच ते वर्ष, ज्याच्या डिसेंबरात अमेरिकेतल्या माँटगोमेरीच्या कृष्णवर्णीयांनी बसमधल्या वर्णभेदाविरुद्धचा 381 दिवसांचा बहिष्कार जिंकून संपवला.

न्यायालयाने सांगितलं, जिथे पुरुष जाऊ शकतो तिथे स्त्रीही जाऊ शकते. यावर देवस्थानाने तोडगा काढला: मग पुरुषांनाही बंद. हे वाचलं आणि मला पुन्हा माँटगोमेरी आठवलं. तिथली उद्यानं सर्वांना खुली करा, ही मागणी न्यायालयात गेली, तेव्हा 1959 मध्ये शहराने सगळी सार्वजनिक उद्यानंच बंद करून टाकली. ओक पार्कमधला पोहण्याचा तलाव बुजवला. गोऱ्या मुलांचंही पोहणं गेलं, पण शेजारी काळं मूल नको! सात समुद्रांनी दुरावलेली माणसांची ही दोन जगं, एकमेकांना न विचारता, एकाच युक्तीवर आली.

शिंगणापुरात मात्र पुढे वेगळं घडलं. 8 एप्रिलला गुढीपाडवा होता. पाडव्याला देवाला पाण्याने स्नान घालायची गावाची जुनी रीत. बंदी झुगारून पुरुषांचा जमाव चौथऱ्यावर चढला आणि त्याने पूजा केली. आता बायकांना कुठल्या तोंडाने अडवणार? त्याच दिवशी देवस्थानाने चौथरा सर्वांना खुला केल्याचं जाहीर केलं. संध्याकाळी तृप्ती देसाई तिथे पोहोचल्या आणि त्यांनी दर्शन घेतलं.

माझ्या मते हा चौथरा कोर्टाच्या निकालाइतकाच, सुप्याच्या रस्त्यावर ठिय्या देऊन बसलेल्या त्या बायकांनी उघडला. त्या बसल्या नसत्या, तर 1956 चा कायदा आणखी साठ वर्षं कपाटातच राहिला असता.