धवलारीण : गीतातून विवाह लावणारी परंपरा

लोकसंगीत म्हणजे फावल्या वेळेची करमणूक, असा एक समज सर्वत्र आढळतो. वस्तुतः जगातील अनेक समाजांनी गाण्याकडे काही निश्चित कामे सोपविलेली आहेत. पश्चिम आफ्रिकेतील परंपरागत गायक राजघराण्यांच्या वंशावळी पिढ्यान्‌पिढ्या मुखोद्गत ठेवीत आले. एस्टोनियात १८६९ साली तार्तू येथे सुरू झालेल्या गीतमहोत्सवाने एका लहान राष्ट्राची अस्मिता जागविली. पुढे १९८७ ते १९९१ या काळातील तेथील स्वातंत्र्य-चळवळ ‘गाती क्रांती’ याच नावाने ओळखली गेली. महाराष्ट्राच्या उत्तर किनारपट्टीवर गाण्याकडे असेच एक जबाबदारीचे काम आले. ते म्हणजे विवाह लावण्याचे. नवी मुंबईच्या गावठाणांत या परंपरेचा माग आजही लागतो.

पौरोहित्य करणारी स्त्री

ठाणे व रायगड जिल्ह्यांतील आगरी समाजात विवाहप्रसंगी धवळे गाणाऱ्या जाणत्या स्त्रीस ‘धवलारीण’ म्हणतात. मांडव उभारण्यापासून हळद लागेपर्यंत आणि तेथून प्रत्यक्ष लग्नापर्यंत प्रत्येक विधीचे गीत ठरलेले असते. देवदेवतांना लग्नाचे आमंत्रण करणे, कुळातील पूर्वजांचे स्मरण करणे, वधूवरांस आशीर्वाद देणे, ही सारी कार्ये ती गाण्यातूनच पार पाडते. एकीने ओळ उचलावयाची आणि सोबतिणींनी ती झेलावयाची, अशी ही गायकी आहे. तिच्या हाती पोथी नसते. विधींचा क्रम आणि शब्द दोन्ही तिच्या स्मरणात असतात. म्हणजे येथे गीत हे विधीला जोडलेले अलंकरण नसून गीत हाच विधी होय. पालघर भागातील वारली समाजातही विवाहविधी करणारी ‘धवलेरी’ ही स्त्रीच असते. स्त्रीच्या पौरोहित्याची चर्चा शहरांत सुरू होण्यापूर्वी कितीतरी आधीपासून या समाजांनी तिला तो मान दिलेला आहे.

प्राचीन धागा

बाराव्या शतकातील चालुक्य राजा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात महाराष्ट्रातील स्त्रिया कांडण करताना ओवी गातात, असा उल्लेख आहे. तेराव्या शतकात महानुभाव पंथातील महदंबेने श्रीकृष्ण-रुक्मिणी विवाहावर ‘धवळे’ रचले. ती मराठीची आद्य कवयित्री मानली जाते. महदंबेची रचना आणि धवलारणीचे गाणे एक नव्हेत. परंतु विवाहगीताचे नाव दोहोंकडे एकच असावे, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे. मराठी काव्याच्या आरंभीच एका स्त्रीने ज्या गीतप्रकाराचा आश्रय केला, त्याचे नाव खाडीकाठच्या मांडवांनी आजवर जतन केले आहे.

शेत गेले, मांडव राहिला

मुंबईवरील लोकसंख्येचा भार हलका करण्यासाठी १९७० साली सिडकोची स्थापना झाली. ठाणे जिल्ह्यातील आणि तत्कालीन कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड, जिल्ह्यातील ९५ गावांचे सुमारे ३४४ चौरस किलोमीटर क्षेत्र नव्या शहरासाठी निश्चित झाले. भातखाचरे व मिठागरे यांच्या जागी वसाहती, रेल्वेस्थानके व कार्यालये उभी राहिली. हे परिवर्तन सहजासहजी घडले नाही. जमिनीच्या रास्त मोबदल्यासाठी जानेवारी १९८४ मध्ये उरण तालुक्यात झालेल्या आंदोलनात पाच जण हुतात्मा झाले. त्या लढ्यातून पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंड देण्याची योजना आली.

या स्थित्यंतरात कोणती गीते मागे पडली आणि कोणती टिकली, हे पाहणे उद्बोधक आहे. पिठाची गिरणी आली तेव्हा जाते थांबले आणि त्यावरील ओवी सुटली. खाचरे गेली तशी लावणीच्या वेळची गाणीही अबोल झाली. कोळीगीते मात्र ध्वनिमुद्रिका, कॅसेट व पुढे भ्रमणध्वनी यांच्या साहाय्याने दूरवर पोहोचली. धवळे या दोहोंहून वेगळे. ते ध्वनिमुद्रिकेवर फारसे गाजले नाहीत, तरी मांडवात टिकून राहिले. कारण शेत गेले तरी लग्न व्हावयाचेच होते. ज्या गीताला काम असते, ते गीत जगते.

आता धोका आहे तो याच कामाला. लग्न अंगणातून सभागृहात गेले की वेळ घड्याळाच्या हिशेबाने मिळतो. हळदीच्या रात्री ध्वनिक्षेपकाच्या गजरात वृद्ध स्त्रीचा आवाज ऐकू येत नाही. शिकून नोकरीस लागलेल्या लेकीसुनांना सोबतीस बसून गीते आत्मसात करण्यास सवड उरत नाही. एक धवलारीण गेली की तिच्याबरोबर विधींची एक संपूर्ण संहिता जाते.

जतनाची दिशा

लॅटव्हियात क्रिश्यानिस बॅरन्स यांनी दोन लाखांहून अधिक चतुष्पद्यांचा संग्रह सिद्ध केला. आपल्याकडे डॉ. सरोजिनी बाबर यांच्या नेतृत्वाखाली लोकसाहित्य समितीने मोलाचे संकलन केले. हेमा राईरकर व गी पॉयतवाँ यांनी सहकाऱ्यांसह जात्यावरील एक लाखांहून अधिक ओव्या संकलित केल्या. धवळ्यांच्या बाबतीतही असे पद्धतशीर काम व्हावयास हवे. गीत आगरी बोलीत जसे उच्चारले जाते तसेच, कोणत्या विधीच्या वेळी ते म्हणतात त्या नोंदीसह आणि गाणारीच्या संमतीने तिच्या नावानिशी नोंदले जावे. गावोगावच्या महिला मंडळांना व महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना हे कार्य सहज हाती घेता येईल.

तथापि, नोंदवही शब्द राखते. गीत राखत नाही. अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या रक्षणासाठी युनेस्कोने २००३ साली केलेल्या करारात भारत २००५ मध्ये सहभागी झाला. पिढ्यान्‌पिढ्या हस्तांतरित होणारा, समाज सतत नव्याने घडवीत असलेला वारसा, हीच त्या करारातील मूळ कल्पना आहे. त्या दृष्टीने सर्वांत सोपा उपाय घरोघरी आहे. लग्नाचा कार्यक्रम ठरविताना धवलारणीसाठी पुरेसा वेळ राखून ठेवावा, तिच्या गाण्यापुरता ध्वनिक्षेपक बंद असावा आणि तिच्या शेजारी दोन तरुण मुली ओळ झेलण्यास बसाव्यात. एवढे झाले तरी शहराच्या मध्यभागी ही परंपरा आणखी एका पिढीच्या हाती सुखरूप जाईल.